एक पैशाचे, दोन पैशांचे, तीन पैशांचे

बारडोलीचा शिक्का असलेले जुने पोस्टकार्ड हाती आले, की माणूस आधी मजकुराकडे वळतो. कुणी लिहिले, कुणाला लिहिले, सत्याग्रहाचा उल्लेख आहे का, वल्लभभाईंचे नाव कुठे आले आहे का. हे साहजिक आहे. पण मजकुराच्या आधी कार्ड वाचायला हवे, असे मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागले आहे. कागद कुठला, छपाई कशी, राजा कोणता, किंमत किती, कड कशी कापली आहे, हे सगळे त्या वाचनात येते. मजकूर कुणीही मागाहून लिहू शकतो. तारीखही घालू शकतो. कागदाचा लगदा आणि ठशाचा दाब मात्र मागच्या तारखेने तयार करता येत नाही.

त्यासाठी बारडोलीसारखे गाव सापडणे कठीण. सुरतेहून तापी व्हॅलीच्या रेल्वेने निघाले, की चलथाणनंतर बारडोली लागते. तीच गाडी पुढे मढी, व्यारा, सोनगढ, नवापूर करत नंदुरबारला आणि अमळनेरला जाते. म्हणजे खानदेशातल्या माणसाला हे गाव परके नाही. उसाच्या हंगामात आजही नंदुरबार-धुळ्याकडचे मजूर कोयते घेऊन या पट्ट्यात उतरतात. आणि या गावाचे नाव देशाच्या इतिहासात तीनदा ठळक झाले: फेब्रुवारी १९२२ मध्ये, १९२८ च्या सत्याग्रहात आणि डिसेंबर १९४१ मध्ये. योगायोग असा, की या तिन्ही वेळी देशात साध्या कार्डाची किंमत वेगळी होती. १९२२ च्या फेब्रुवारीत ते पाव आण्याचे, म्हणजे जुन्या एका पैशाचे. १९२८ मध्ये अर्ध्या आण्याचे, दोन पैशांचे. १९४१ मध्ये नऊ पैचे, तीन पैशांचे. एकाच गावाची तीन वर्षे, तीन किमती, आणि कागद-छपाईच्या तीन अवस्था. जुनी कार्डे ओळखायला शिकायचे असेल, तर ही तीन कार्डे शेजारी शेजारी ठेवावीत.

इथे एक भेद आधीच करून ठेवतो. चित्राचे किंवा कोरे खासगी कार्ड विकत घेऊन त्यावर वेगळे तिकीट चिकटवायचे, ही एक जात. सरकारने तिकिटासकट छापून विकलेले कार्ड ही दुसरी. हा लेख दुसऱ्या जातीविषयी आहे. या कार्डात तिकीट, मथळा, सूचना आणि कागद एकाच कारखान्यातून एकत्र येतात, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची.

असे कार्ड जगात पहिल्यांदा १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. भारतात ते १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. देशांतर्गत टपालासाठी पाव आण्याचे तपकिरी कार्ड, परदेशासाठी दीड आण्याचे निळे. वर ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ हा इंग्रजी मथळा, मध्ये राजचिन्ह, उजव्या कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणीचे डोके. छपाई लंडनच्या थॉमस डी ला रू या कंपनीची. आजच्या चौदा बाय नऊ सेंटिमीटरच्या कार्डाशेजारी ही पहिली कार्डे लहान दिसतात. त्यामुळे भिंग काढण्याआधी फूटपट्टी काढावी. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

१९२२ च्या फेब्रुवारीतले बारडोलीचे कार्ड याच लंडनच्या घराण्यातले. राणी जाऊन एडवर्ड, एडवर्ड जाऊन पाचवा जॉर्ज आला, पण किंमत पाव आणाच राहिली होती. १ फेब्रुवारीला गांधींनी व्हाइसरॉयला बारडोलीहून पत्र लिहिले. त्यात या तालुक्यात सामुदायिक कायदेभंग सुरू करण्याचा इशारा होता. पुढच्या काही दिवसांत चौरीचौऱ्याची बातमी आली आणि ११-१२ फेब्रुवारीला बारडोलीतच काँग्रेस कार्यकारिणीने आंदोलन मागे घेतले. त्या पंधरवड्यात गावातून गेलेले कोणतेही साधे कार्ड एक पैशाचे असणार. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर दर दुप्पट झाला आणि कार्ड अर्ध्या आण्यावर गेले. मग लोकांच्या घरातली पाव आण्याची कार्डे वाया गेली नाहीत. त्यांवर पाव आण्याचे तिकीट वरून चिकटवून ती टपालात पडली. अशा कार्डावर छापील राजा आणि चिकटवलेला राजा असे दोन असतात. कुणी ‘फेब्रुवारी १९२२, बारडोली’ म्हणून असे दोन राजांचे कार्ड दाखवले, तर शिक्क्याची तारीख पुन्हा एकदा उजेडात धरून पाहावी.

लंडनच्या छपाईची ओळख कशी पटवायची? डी ला रूची ही कार्डे उठावाच्या ठशाने छापलेली आहेत. ठशाचा उंच भाग शाई उचलतो आणि कागदावर दाबला जातो. दाबामुळे शाई रेषेच्या मध्यातून बाजूला सरकते. दहापट भिंगाखाली प्रत्येक अक्षराची कड गडद आणि मधला भाग थोडा फिका दिसतो. कार्ड उलटे करून खिडकीशी तिरप्या उजेडात धरले, तर पातळ कार्डाच्या पाठीवर अक्षरांचा अगदी बारीक उठाव जाणवतो. जाड कार्डावर तो दिसेलच असे नाही, म्हणून पाठ सपाट आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

शिळाछाप याच्या उलट. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हापासून मराठी घरांत हा छाप परिचयाचा आहे. दगडावरून किंवा पुढे जस्ताच्या पत्र्यावरून उतरलेली शाई कागदावर सपाट, एकसारखी बसते. कड गडद नाही, पाठीला उठाव नाही, बोट फिरवले तर काही लागत नाही. तिसरी जात खोदीव छपाईची. तिथे शाई पत्र्याच्या खाचेतून निघते आणि कागदावर उंचवटा होऊन राहते. नोटांवर ती बोटाला लागते. साध्या कार्डावर तिची अपेक्षा ठेवू नये. चौथी, फोटोग्रॅव्ह्युअर, भारतात तिकिटांवर आली १९५२ मध्ये, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांच्या मालिकेसह. तिच्यात अक्षरांच्या कडासुद्धा जाळीच्या ठिपक्यांनी करवतीसारख्या झालेल्या असतात. या चार जाती एकदा डोळ्यांत बसल्या, की संशयास्पद कार्डांची चाळण फार लवकर होते. संगणकावरून छापलेल्या नकलेत रंगीत ठिपक्यांची फवारणी दिसते आणि तिथे पुढचा विचारही करावा लागत नाही.

लंडनच्या छपाईवर आपल्याकडे आणखी एक थर चढायचा. ब्रिटिश टपाल खात्याशी करार असलेल्या संस्थानांत हीच कार्डे वरून छापून चालत. शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे उदाहरण मराठी संग्राहकाला सर्वांत जवळचे: राणीच्या कार्डावर नागरी अक्षरांत ‘ग्वालियर’ आणि संस्थानचे सूर्य-नागांचे चिन्ह. इथे दोन छपायांचा वेगवेगळा तपास करावा लागतो, कारण मूळ कार्ड खरे आणि वरचा छाप खोटा, असे होऊ शकते. बारडोलीच्या भोवती गायकवाडांचा मुलूख होता. व्यारा, सोनगढ, महुवा ही बडोद्याची. पण बडोद्याने स्वतःची टपाल तिकिटे काढली नाहीत. त्यामुळे बारडोलीची हद्द ओलांडून गायकवाडीत गेलेले कार्डही साधे ब्रिटिश हिंदुस्थानचेच असते. राजपिपळ्याची गोष्ट वेगळी. त्या संस्थानाने १८८० मध्ये स्वतःची तिकिटे शिळाछापावर काढली होती.

आता दोन पैशांचे कार्ड. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे.

१९२८ चा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १२ फेब्रुवारीला वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली साराबंदी सुरू झाली. जप्त्या झाल्या, म्हशी ओढून नेल्या, जमिनी लिलावात निघाल्या, आणि ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. ब्रूमफील्ड-मॅक्सवेल समितीने शेवटी सुमारे सहा टक्क्यांची वाढ योग्य ठरवली. मधल्या काळात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे हृदयनाथ कुंझरू, अमृतलाल ठक्कर आणि आपले श्री. ग. वझे तालुक्यात येऊन पाहणी करून गेले. देशभरातून पैसे आणि पाठिंबा आला. त्या सहा महिन्यांत गावाच्या टपालात किती कार्डे पडली असतील, याची कल्पनाच करावी.

याच सुमारास कार्डाच्या जन्मस्थानात मोठा बदल झाला होता. १९२५ अखेर डी ला रूचे काम संपले आणि १९२६ पासून हिंदुस्थानची तिकिटे नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. टपालाची छापील कार्डे-पाकिटेही पुढे याच प्रेसचे काम झाले. नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात तो हाच. १९२८ मध्येच शेजारी करन्सी नोट प्रेस उभा राहिला. म्हणजे बारडोलीत म्हशी जप्त होत होत्या तेव्हा, दोनेकशे किलोमीटरवर, पाचव्या जॉर्जचे डोके मराठी कारागिरांच्या हातून कागदावर उतरत होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बारडोलीच्या सत्याग्रहाचा टपाल-इतिहास लिहिताना नाशिकचा उल्लेखच नसतो, हे खटकते.

पण शिक्का १९२८ चा म्हणून कार्ड नाशिकचे, असे म्हणता येत नाही. तालुक्याच्या टपाल कार्यालयात कार्डांचे गठ्ठे पडून असतात. जुना साठा संपेपर्यंत नवा उघडायचा नाही, ही कुठल्याही दुकानाची रीत आहे. त्यामुळे काही वर्षे लंडनची आणि नाशिकची छपाई एकाच खिडकीतून विकली गेली असणार. शिक्का विक्रीनंतरची तारीख सांगतो, छपाईची नाही. तिकिटांच्या बाबतीत नाशिकने सोय करून ठेवली: कागदात अनेक चांदण्यांचे जलचिन्ह. लंडनच्या तिकिटांत तिकिटागणिक एक मोठी चांदणी असे. तिकीट उजेडात धरले की निकाल लागतो. जाड कार्डात असे जलचिन्ह बहुधा मिळत नाही.

अमेरिकेत ते मिळते, आणि म्हणून तिथल्या संग्राहकांचे काम सोपे झाले. १८७३ च्या मे महिन्यात निघालेल्या त्यांच्या पहिल्या एक सेंटच्या कार्डाच्या कागदात टपाल खात्याच्या आद्याक्षरांचे गुंफण होते. आधी ते मोठे होते, पुढे त्याच वर्षी लहान झाले. चित्र तेच, रंग तोच, मजकूर तोच. फक्त कागदातल्या खुणेच्या आकारावरून दोन स्वतंत्र जाती ठरल्या. कॅटलॉगमध्ये त्यांना वेगळे क्रमांक आहेत.

आपल्याला मात्र लहान लहान खुणा गोळा कराव्या लागतात. कार्डाची जाडी स्क्रूगेजने चार कोपऱ्यांत मोजायची, कारण एका जागी मोजलेली जाडी फसवते. कागदाचा मूळ रंग पाठीवरून पाहायचा. राजाच्या दाढीतल्या आणि मुकुटातल्या बारीक रेषा उघड्या आहेत की शाईने भरून गेल्या आहेत, ते पाहायचे. ठसा झिजला की आधी तिथेच कळते. मथळ्याच्या अक्षरांतले अंतर, तिकिटाच्या चौकटीपासून मथळ्यापर्यंतची जागा, कडेपासूनचे अंतर. मोठा ताव छापून नंतर कार्डे कापत, त्यामुळे कडेचे अंतर कमीजास्त होते. त्यावरून जात ठरवू नये. छापाच्या आतली अंतरे मात्र ठशाने बांधलेली असतात. तीच खरी. एका कार्डावरून यातला कोणताही निवाडा होत नाही. तारीख स्पष्ट असलेली, १९२४ पासून १९३१ पर्यंतची पंधरा-वीस कार्डे ओळीने मांडली, की कुठेतरी बदलाची रेघ दिसू लागते. ही कार्डे बारडोलीचीच असावीत असे नाही. अमळनेर, नंदुरबार, जळगावचीही चालतील, कारण कागद आणि ठसा सगळीकडे तोच.

तीन पैशांचे कार्ड युद्धातले आहे. १९३१ च्या अखेरीस दर नऊ पैंवर गेला आणि दुसऱ्या महायुद्धातही तो तसाच होता. डिसेंबर १९४१ मध्ये गांधी बारडोलीला आले. ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेच्या प्रस्तावनेखाली बारडोलीच्या वाटेवरची १३ डिसेंबरची तारीख आहे. महिनाअखेरीस काँग्रेस कार्यकारिणी स्वराज आश्रमात बसली. कार्डावर आता सहावा जॉर्ज होता आणि कागदाची टंचाई वाढत चालली होती.

त्या काळातले कार्ड पाहताना छापील भागाइतकेच हाताने लिहिलेल्या भागाकडे पाहावे. चांगल्या कार्डाला खळ नीट दिलेली असते, म्हणून टाकाची शाई जिथल्या तिथे बसते आणि अक्षराची कड स्वच्छ राहते. खळ कमी पडली, लगद्यात लाकडाचा भाग वाढला, की शाई फुटते. वेलांट्यांना केस फुटल्यासारखे तंतू येतात. लिहिणाऱ्याने नकळत कागदाची परीक्षा घेऊन ठेवलेली असते. म्हणूनच कितीतरी कार्डांवर लोकांनी शाई सोडून कॉपिंग पेन्सिल धरलेली दिसते. ती जांभळी अक्षरे ओलाव्याने पसरतात, म्हणून अशा कार्डाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन उजेडाने पिवळे आणि मग तपकिरी होते. असे कार्ड वाकवून पाहिले तर पापडासारखे मोडते, तेव्हा ते वाकवून पाहूच नये.

नाशिकच्या प्रेसने युद्धकाळात छपाईची पद्धतही बदलती ठेवली. सहाव्या जॉर्जची दीड आण्याची आणि तीन आण्यांची तिकिटे आधी शिळाछापाने निघाली आणि नंतर ठशाने. शिळाछापाची अधिक नाजूक आहेत. एकच प्रेस, एकच चित्र, एकच किंमत, तरी दोन पद्धती. युद्धकाळातले कोणतेही कार्ड पाहताना ही शक्यता मनात ठेवावी.

कागदाच्या जातींबद्दल बोलताना सर्वांत मोठी चूक होते ती रंगाची. बदामी कार्ड, पिवळे कार्ड, तपकिरी कार्ड अशा जाती पाडून लोक संग्रह लावतात. त्यातली निम्मी विविधता घराची असते, कारखान्याची नसते. चुलीचा धूर, दक्षिण गुजरातची दमट हवा, देव्हाऱ्यातले तेल, कपाटाच्या लाकडाचा स्पर्श यांनी एकाच गठ्ठ्यातली दोन कार्डे दोन रंगांची होतात. वरून तिकीट चिकटवलेले असेल, तर त्याच्या उचकटलेल्या कोपऱ्याखालचा कागद पाहावा. उजेड न लागलेला मूळ रंग तिथे राहतो. शाईही बदलते, तपकिरी काळवंडते, हिरवी निळसर होते. दोन्ही बाजूंचा रंग वेगळा असेल, तर ती जात नव्हे, ते वय.

तसेच छिद्रांचे. व्यापारी पेढीत आणि घरोघरी आलेली पत्रे लोखंडी तारेला टोचून ठेवत. कार्डाच्या मधोमध गंजाची कड असलेले भोक बाजारात दोष म्हणून किंमत पाडते. मला ते भोक हवे असते. एकाच तारेवरच्या कार्डांची भोके एका जागी, एका मापाची असतात, आणि विखुरलेला गठ्ठा त्यांवरून पुन्हा जुळवता येतो. खानदेशातून येऊन बारडोलीत स्थायिक झालेल्या एका घरातली कार्डे मी पाहिली, ती अशी तारेवरच होती; सर्वांत जुने तळाशी. त्यामुळे शिक्के न वाचता येणाऱ्या कार्डांचाही क्रम कळला.

आणि फाटलेला कोपरा. कार्डाचा कोपरा फाडून पाठवणे म्हणजे घरात मृत्यू झाल्याचे सांगणे, हे आपल्याकडे साऱ्यांना ठाऊक होते. कोपरा फाटका दिसला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. गुजरातेत काळोतरी, म्हणजे मृत्यूची बातमी देणारे पत्र, घरात आणत नसत. बाहेर वाचून फाडून टाकत. म्हणून ती आज दुर्मिळ. फाटक्या कोपऱ्याचे कार्ड ‘खराब’ म्हणून बाजूला काढणाऱ्याने आधी मजकूर वाचावा. कोपऱ्याचे तंतू पाहूनही कळते: पाठवताना फाटला असेल, तर फाटलेली कडही बाकी कार्डाइतकीच जुनी आणि मळलेली असते. हल्ली फाटला असेल, तर आतला लगदा उजळ दिसतो.

एका सवयीबद्दल मात्र राग आल्याशिवाय राहत नाही. शाळकरी संग्राहकांना आपण कार्डावरचे तिकीट कात्रीने कापून वहीत चिकटवायला शिकवले. किती कार्डांचा असा नाश झाला याला गणती नाही. कापून काढलेला तो चौकोन पुढे ‘दातेरी कडा नसलेले दुर्मिळ तिकीट’ म्हणून विकला जातो. त्याची जाडी पाहावी. तिकिटाचा कागद इतका जाड नसतो.

स्वातंत्र्यानंतरच्या कार्डांवर तारखांच्या खुणा अधिक सोप्या आहेत. १९४७ नंतरही काही काळ राजाचीच कार्डे विकली जात होती. १९५१ मध्ये गांधींची चित्रे छापलेली नऊ पैची कार्डे निघाली. ‘नये पैसे’ असे छापले असेल, तर ते १९५७ ते १९६४ या काळातले, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ ला ‘नया’ गेला. पिन कोडचे सहा चौकोन छापलेले असतील, तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचे. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. अतिनील दिव्याखालीही फरक दिसतो. कागद पांढराशुभ्र भासावा म्हणून त्यात घातली जाणारी द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. ती दिव्याखाली निळसर चमकतात. १९२८ चे म्हणून दाखवलेले कार्ड तसे चमकले, तर त्याचा कागद १९२८ चा नाही.

बारडोलीच्या स्वराज आश्रमात सरदारांचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी आणि घरोघरी जपलेल्या कार्डांखाली सहसा लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढीच चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीत चार गोष्टी आणखी लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे: लांबी-रुंदी, जाडी, छपाईची पद्धत, आणि छापील किमतीवर वरून तिकीट चढवले आहे की नाही. चिठ्ठी वेगळ्या कागदावर, शिसपेन्सिलीने लिहावी. कार्ड लॅमिनेट करू नये. प्लास्टिक एकदा उष्णतेने चिकटले, की भिंगाला शाई दिसत नाही आणि स्क्रूगेजला कागद मिळत नाही. साध्या पीव्हीसीच्या पिशव्याही टाळाव्यात, पॉलिएस्टरच्या वापराव्यात. आणि ज्यांच्या घरी १९२४ ते १९३१ या काळातली अर्ध्या आण्याची कार्डे आहेत, मग ती लग्नाच्या बोलणीची असोत की कपाशीच्या भावाची, त्यांनी ती रद्दीत देण्याआधी एकदा तारखेप्रमाणे ओळीने मांडून पाहावीत. लंडन कुठे संपले आणि नाशिक कुठे सुरू झाले, ते अशाच ओळींतून ठरणार आहे.